मामींचं मौन

गिरणीवाला घरजावई होता. वस्तीत ही गोष्ट कोणी त्याच्या तोंडावर काढत नसे, आणि कोणी विसरतही नसे. पलीकडच्या डोंगरातल्या आपल्याच लोकांच्या वस्तीतून तो इथे आला, तेव्हा सोबत एक मोटर, एक पट्टा आणि गिरणीच्या दगडांची जोडी घेऊन आला होता. सासऱ्यांनी घराला लागून पत्र्याची शेड घालून दिली. शेडमध्ये गिरणी बसली आणि घरात तो बसला. पुढे सासरे गेले, सासू राहिल्या. तो त्यांना मामी म्हणायचा आणि त्या त्याला जावईबुवा म्हणायच्या. ज्याच्या डोक्यावरचं छप्पर सासूचं, त्याने सासूच्या बोलण्याला 'हो' म्हणावं आणि पट्टा ताणायला घ्यावा, एवढी अक्कल त्याला होती.

वस्तीला वीज दुपारीच यायची. जेवणं आटोपली की यायची आणि समोरच्या सुळक्यावरून ऊन उतरलं की जायची. त्यामुळे गिरणीही दुपारचीच. बायका दळणाचे डबे घेऊन यायच्या, बाहेरच्या बाकावर बसायच्या आणि गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायच्या. सोयरिकी, भांडणं, कोणाची सून कोणाशी बोलत नाही, हे सगळं तिथेच दळून निघायचं. आतल्या खोलीत मामी खाटेवर आडव्या व्हायच्या आणि त्या घरघरीत त्यांचा डोळा असा लागायचा की घर उचलून नेलं तरी कळू नये.

अशात वस्तीत संस्था आली. संस्था म्हणजे एक जीप, एक पडदा, पडद्यावर चित्रं टाकायचं यंत्र आणि एक समन्वयकबाई. समुदायाधारित पर्यटनातून आदिवासी समाजाचा शाश्वत विकास करायचा होता. बाई वयाने लहान, स्वभावाने गोड. घरात गेल्या की जमिनीवर बसायच्या आणि दिलेलं खायच्या. त्यांची एकच खोड होती. प्रत्येक बोलण्याच्या शेवटी त्या "निर्णय तुमचाच" म्हणायच्या, आणि तो 'तुमचाच' निर्णय त्यांच्या पिशवीतून छापील निघायचा. समितीच्या अध्यक्षपदी निवृत्त पोस्टमन निवडून आला. त्याच्या नावाचा शिक्का आधीच तयार होता, त्यामुळे निवडणुकीला फार वेळ लागला नाही.

मग प्रशिक्षण झालं. आपण आपल्यासारखं कसं राहायचं, हे शिकवायला शहरातून एक सल्लागार आला. त्याने प्लास्टिकच्या खुर्च्या आत ठेवायला सांगितल्या, पत्र्यांवर गवत अंथरायला लावलं आणि टीव्हीच्या छत्रीवर टोपली पालथी घातली. पाहुण्यांना डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या बायका दिसल्या पाहिजेत, असं त्याचं म्हणणं होतं. वस्तीतल्या बायकांनी सरपणाची मोळी उचलून वर्षं झाली होती. जंगलाचा रखवालदार मोळी पकडायचा, म्हणून सगळ्यांनी गॅस घेतला होता. आता तोच रखवालदार समितीवर होता, आणि मोळीसाठी लाकडं कुठली घ्यायची ते हौसेने दाखवत फिरत होता.

पाहुण्यांना ठेवायला पहिलं घर गिरणीवाल्याचं ठरलं. कारण मामी. सल्लागाराने मामींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "या सुरकुत्यांत इतिहास आहे."

"उन्हाने आल्यात," मामी म्हणाल्या.

गिरणीवाल्याला हे प्रकरण फारसं पसंत नव्हतं. परक्या माणसांनी घरात राहायचं म्हणजे आपण आपल्याच घरात चोरासारखं वावरायचं. पण संस्था पाहुण्यांसाठी फरशीचा पक्का संडास बांधून देणार होती, आणि बायकोने तिथेच गोष्ट मिटवली.

"पाहुणे येतील तसे जातील," ती म्हणाली. "संडास राहील."

पहिला पाहुणा आला तो व्याख्याता. तणावमुक्त जगण्यावर तो गावोगाव भाषणं द्यायचा. जीपमधून उतरला तोच बोलत, आणि त्यानंतर त्याचं तोंड म्हणून मिटलं नाही. चूळ भरताना थांबायचा तेवढंच. बोलायचं कसं कमी करावं यावर तो सकाळभर बोलला. मग त्याने मामींना गाठलं. तुम्ही काय स्वप्नं पाहता, झाडांशी बोलता का, मरणाची भीती वाटते का, पूर्वजांचा आवाज येतो का, हे विचारत विचारत जेवणाची वेळ झाली, जेवणही झालं. गिरणी त्या दिवशी बंदच होती, कारण वीज आली नव्हती. मामींच्या पापण्या जड झाल्या. त्या खाटेवर टेकल्या, तर हा खाटेशेजारी पाट घेऊन बसला.

"आजी, तुमच्या समाजात शांततेचं स्थान काय?"

गिरणीवाला दारातच पट्टा शिवत बसला होता. त्याने मामींचा चेहरा पाहिला. असा चेहरा त्याने एकदाच पाहिला होता, शेजाऱ्याची बकरी त्यांच्या वाळवणात शिरली तेव्हा.

"आमच्यात दुपारी बोलत नाहीत," मामी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"जेवणं झाली की गप्प. समोरच्या सुळक्यावरनं ऊन उतरेस्तोवर. पूर्वीपासनं आहे. बोलणाऱ्याला वाईट असतं."

"कसं वाईट?"

"ते बोलायचं नसतं," मामी म्हणाल्या, आणि कूस बदलली.

व्याख्याता उघड्या तोंडाने बसून राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पाय न वाजवता तो अंगणात गेला आणि ऊन उतरेपर्यंत एका दगडावर बसला. गिरणीवाल्याला हसू आवरेना. बायकोला सांगायला तो मागच्या दारी गेला. तिनेही तोंडाला पदर लावला. दोघांना वाटलं, पीडा टळली.

पण उचलली जीभ लावली टाळ्याला, याचं फळ कधी कधी फार लांबून येतं. व्याख्यात्याने शहरात जाऊन या मौनावर भाषणं दिली. मासिकात लेख आला. लेखात मामींचा फोटो होता, डोळे मिटलेला, आणि खाली लिहिलं होतं, 'अंतर्मुख'. महिन्याभरात समन्वयकबाई धावत वर आल्या. त्यांच्या हातात नवं माहितीपत्रक होतं. त्याच्या पहिल्याच पानावर 'मौनप्रहर' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं.

"ही परंपरा आहे, हे तुम्ही आम्हाला सांगितलंच नाहीत," त्या जरा रुसून म्हणाल्या.

अध्यक्षाने गिरणीवाल्याकडे पाहिलं, गिरणीवाल्याने जमिनीकडे. मामी सुपारी कातरत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मामी वस्तीत सर्वांत वयस्कर. त्यांच्या लहानपणी असलं काही असेलही, असं दोघाचौघांना वाटलं. आणि उरलेल्यांना वाटलं, नसलं तरी म्हातारीला खोटं कोण पाडणार.

"पण दुपारी गिरणी असते," गिरणीवाला कसंबसं म्हणाला.

"तेच मी म्हणणार होते," बाई म्हणाल्या. "तो आवाज थोडा विसंगत वाटेल. पण निर्णय तुमचाच."

वाटेच्या तोंडाशी फलक लागला तेव्हा त्यावर मौनप्रहराची वेळ अगोदरच रंगवलेली होती.

पाहुणे येऊ लागले. एकेक नमुना. कोणी मौनात उभं राहायचं, कोणी झाडाला मिठी मारून. एक बाई दर वेळी रडायची आणि रडून झालं की झकास जेवायची. दुपारी वस्तीवर माणूस बोलत नव्हता. लहान मुलांना घरात कोंडून ठेवायचं, कोंबड्यांवर टोपल्या झाकायच्या, खोकला आला तर पलीकडच्या ओढ्यावर जाऊन खोकायचं. ज्या घरांत पाहुणे होते, तिथे चार वस्तू नव्या आल्या होत्या हे खरं. ज्यांच्याकडे नव्हते, त्यांना नुसताच तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आणि वीज नेमकी त्याच वेळात यायची. शेडमधला दिवा लागायचा, मोटर तयार असायची, आणि गिरणीवाला हाताची घडी घालून तिच्यापुढे बसायचा. धान्य ओतायच्या हापरमध्ये कोळ्याने जाळं विणलं. दगडांना खाचा पाडून टाकी लावून ठेवली होती, तिची धार तशीच कोरी होती. बाकावर आता पाहुणे बसायचे. सकाळी आणि संध्याकाळी वीज नाही, दुपारी तोंड उघडायचं नाही. दळणाचं काय करायचं, हे कोणी सांगत नव्हतं.

संस्थेने त्यावरही तोड काढली. शहरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक दगडी जातं टेम्पोत घालून आणलं. वस्तीतल्या एकाही बाईने ते कधी फिरवलेलं नव्हतं. मामींनी लहानपणी आईला फिरवताना पाहिलं होतं आणि त्यांना त्यातलं एवढंच आठवत होतं की आई शिव्या द्यायची. शेवटी जातं पाहुणेच फिरवू लागले. त्याला 'अनुभव' म्हणत. फिरवून निघालेलं पीठ गिरणीवाल्याने चिमटीत घेऊन पाहिलं. त्यात निम्मी कणी होती. थोडी दगडाचीही होती.

"हे कोण खाणार?" त्याने बायकोला विचारलं.

"पाहुणे," ती म्हणाली. "अनुभव त्यांचाच आहे."

गंमत अशी, की सगळ्यांत जास्त हाल मामींचेच झाले. झोपेसाठी केलेल्या खटाटोपाने झोपच गेली. मौनप्रहर लागला की पाहुणे त्यांच्या खाटेभोवती अर्धगोल करून बसायचे, कारण मौनाचा उगम तिथे होता. आठदहा माणसं टक लावून बघत असताना झोपणार कोण? त्या भिंतीला टेकून ताठ बसायच्या. एकदा न राहवून डोळा लागला आणि घोरल्या, तर पाहुण्यांपैकी एकाने ते घोरणं फोनमध्ये भरून घेतलं. त्या आवाजात एक प्राचीन लय आहे, असं तो नंतर सांगत होता.

गिरणीवाल्याने एकदा धीर केला. मामी एकट्या होत्या, तो पाण्याचा तांब्या घेऊन गेला.

"मामी, ते मौन... म्हणजे, तुमच्या माहेरचं का हो?"

"जावईबुवा, तुम्ही तुमच्या गिरणीचं बघा."

"तेच बघायचं होतं."

मामींनी तांब्या घेतला आणि पाणी प्यायल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. त्याला वाटलं आपण उगाच विचारलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. खोटं सांगितलं असं म्हणावं तर सासूला लबाड ठरवलं, तेही तिच्याच घरात राहून. आणि गप्प बसावं तर ज्या गिरणीच्या जोरावर तो त्या घरात मान वर करून जेवत होता, ती गंजत होती.

लोकांनी वाट काढली ती पायवाटेने. डबे डोक्यावर घेऊन उतार उतरायचे, खालच्या बाजारातल्या गिरणीत दळायचं आणि पीठ घेऊन चढ चढायचा. डोक्यावर मोळीसारख्या घेतलेल्या या डब्यांचे पाहुणे आवडीने फोटो काढायचे. सल्लागाराने म्हणे ते पाहून, हे आधी का सुचलं नाही, असं म्हटलं.

एके दिवशी शेजारची काकू त्या चढावर घसरली. डबा उलटला, पीठ दरीत गेलं आणि तिचा पाय मुरगळला. दोघींनी तिला धरून वर आणलं. गिरणीवाला भेटायला गेला तेव्हा घोटा सुजून टम्म झाला होता. ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण काकू हसली.

"तुझ्या सासूचं मौन मला नडलं बघ, जावई."

त्याने शेक द्यायला विटेचा तुकडा गरम करून दिला, फडकं गुंडाळून दिलं, थोडा वेळ बसला आणि घरी आला. त्या रात्री त्याने अर्धी भाकरी ताटातच ठेवली. बायकोने विचारलं, काय झालं. तो म्हणाला, काही नाही. ती म्हणाली, "तुम्हालाही मौन लागलं वाटतं," आणि मग तिलाच वाईट वाटलं.

पुढच्याच आठवड्यात परीक्षक येणार होते. सर्वोत्तम समुदायाधारित पर्यटनाचं पारितोषिक होतं आणि संस्थेचं नाव शेवटच्या यादीत होतं. समन्वयकबाईंची झोप उडाली होती. त्यांनी घराघरांत जाऊन सांगितलं, की परीक्षकांना समाजाचा आवाज ऐकायचा आहे. सगळ्यांनी मोकळेपणाने बोला. काय बोलायचं ते मी सांगते.

परीक्षक आले ते रस्ता खराब म्हणून उशिरा. जीप पोचली तेव्हा जेवणं झाली होती आणि मौनप्रहर लागला होता. गिरणीवाल्याच्या अंगणात सगळी वस्ती जमली. परीक्षक उंच, पिकल्या केसांचे, अतिशय सभ्य गृहस्थ होते. ते पाटावर बसले, सगळ्यांना हात जोडले आणि म्हणाले, "या प्रकल्पाने तुमच्या जगण्यात काय बदल झाला, ते मला तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे."

कोणी बोललं नाही.

बाई हळूच अध्यक्षाकडे वळल्या. "बोला ना."

अध्यक्षाने फलकाकडे बोट दाखवलं आणि तेच बोट ओठांवर ठेवलं. माणूस आयुष्यभर नियमाने टपाल वाटत आलेला. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पण बाकीच्यांना मात्र यातली खुमारी कळली. एकेकाने हाताची घडी घातली. काकू मुरगळलेला पाय लांब करून बसली होती, तिने तर डोळेसुद्धा मिटून घेतले.

"आज अपवाद आहे," बाई कुजबुजल्या. "आज बोललं तर चालेल."

शांतता. एका टोपलीखालून कोंबडी बोलली तेवढीच.

परीक्षकांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "काही सांगायची गरज नाही," ते म्हणाले. "इतकी एकमुखी संमती मी आजवर कुठे पाहिली नाही." आणि त्यांनी लिहायला घेतलं.

गिरणीवाला शेडच्या दारात उभा होता. 'संमती' हा शब्द त्याने ऐकला. त्याला काकूचा घोटा दिसत होता, कागदावर चालणारं पेन दिसत होतं, आणि शेडमधला दिवा लागलेला दिसत होता. तो काही शूर माणूस नव्हता. आपण आत गेलो कधी आणि हात मोटरच्या कळीवर ठेवला कधी, हे त्याला नंतर नीट सांगता आलं नाही. कळ दाबली तेव्हा मोटर आधी कण्हली, पट्टा दोनदा सटकला, आणि मग गिरणी सुरू झाली. पत्रे थरथरले. पत्र्यांवरचं गवत खाली सरकलं. टोपल्यांखालच्या कोंबड्या एका सुरात ओरडायला लागल्या.

मग काकूने डोळे उघडले आणि शेजारणीला म्हणाली, "अगं, बघतेस काय, डबा आण." बायका उठल्या. परीक्षकांच्या पुढून, मागून, एक तर त्यांच्या पाटावरून पाय टाकून गेली. घराघरातून डबे आले, पिशव्या आल्या, एकीने तर हंडाभर धान्य आणलं. बाकावर बसलेल्या दोन पाहुण्यांना उठवून बायकांनी आपली जागा घेतली. आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बोलणं गिरणीच्या वरच्या पट्टीत सुरू झालं.

समन्वयकबाई शेडच्या दारात आल्या. रडकुंडीला आल्या होत्या. "काय केलंत हे?" त्यांनी विचारलं. गिरणीवाल्याला ऐकू आलं नाही. त्याने कानाला हात लावून दाखवला.

परीक्षक मात्र शांत होते. ते वाकून मामींपाशी गेले आणि त्यांच्या कानाशी म्हणाले, "आजी, परंपरा मोडली म्हणून तुम्हाला दुःख झालं असेल."

मामींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग शेडकडे पाहिलं. तिथे जावई पिठाने भुरभुरलेला उभा होता आणि इकडे बघायचं टाळत होता.

"कसली परंपरा आलीय," मामी म्हणाल्या. आवाज चढवूनच म्हणाल्या, म्हणजे बाकावरच्यांनाही ऐकू गेलं. "तो बडबड्या मला झोपू देईना, म्हणून थाप मारली मी. आमच्यात असलं काही नाही. असतं तर मीच पहिली मेले असते."

बाकावर हसण्याची लाट उसळली. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. परीक्षकांनी मामींचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"किती प्रगल्भता," ते बाईंना म्हणाले. "आपल्याच परंपरेकडे इतक्या खेळकरपणे बघणं. हे मी अहवालात घेणार आहे."

"अहो, खरं सांगतेय मी," मामी म्हणाल्या.

"हो, हो," ते म्हणाले, आणि लिहीत राहिले.

त्यांना खोटं पटलं होतं आणि खरं पटवायला कोणाकडेच काही नव्हतं. मामींनी हात सोडवून घेतले, आत गेल्या आणि खाटेवर पडल्या. गिरणी चालूच होती. वीज जाईपर्यंत त्या उठल्या नाहीत.

संध्याकाळी गिरणीवाला हातपाय धुऊन त्यांच्यासाठी चहा घेऊन गेला.

"मामी, तुम्ही कशाला सगळ्यांसमोर..."

"घरातलं पीठ संपलं होतं," मामी म्हणाल्या. "पोरीने डबा वाजवून दाखवला मला सकाळी. गिरणीवाल्याच्या घरात पीठ नाही, हे लोकांना कळलं असतं तर माझं नाक राहिलं असतं का?" चहाचा घोट घेऊन त्या म्हणाल्या, "साखर कमी घाला पुढच्या वेळी."

पारितोषिक संस्थेला मिळालं. मौनप्रहरालाच मिळालं. समारंभाला शहरात बाई गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत मानचिन्ह होतं आणि छापील असं काही नव्हतं. मामी खोटं बोलल्या तेव्हा नाही, पण खरं बोलल्या तेव्हा बाई समोर होत्या, आणि खरं ऐकूनही लिहीत राहायला त्या काही परीक्षक नव्हत्या. दुपारी त्या गिरणीपाशी आल्या आणि बाकावर बायकांच्या मध्ये दाटीवाटीने बसल्या.

"तुम्हाला काय हवंय?" त्यांनी विचारलं.

"काय?" काकू म्हणाली.

"तुम्हाला काय हवंय?" बाई ओरडल्या. प्रशिक्षणात त्यांना बहुधा ओरडायला शिकवलं नव्हतं. आवाज चिरकला.

मग बायकांनी सांगितलं. सगळ्या एकदम बोलल्या, त्यामुळे बाईंना दोनदोनदा विचारावं लागलं. पाहुणे येऊ देत, पण पेरणी-कापणीच्या दिवसांत नकोत. ज्यांना ठेवायचे ते ठेवतील, ज्यांना नाही त्यांच्या अंगणात कोणी डोकवायचं नाही. मोळ्या नकोत. खुर्च्या बाहेर येतील. जातं ज्याचं त्याला परत द्या. अध्यक्ष बदलायचा का, यावर वाद झाला आणि नको असं ठरलं, कारण माणूस सरळ होता. काही पुरुषांना पाहुणे कमी होतील याची धास्ती होती, तेही बोलले. एक तर म्हणाला, मौन ठेवा, फक्त गिरणी चालू ठेवा. यावर बायका इतक्या हसल्या की तो उठून गेला. भांडत भांडत वीज गेली, तरी बोलणं संपलं नव्हतं.

पाहुणे थोडे कमी झालेच. पण पारितोषिकाचं नाव ऐकून एक भलताच पाहुणा आला. वीज कंपनीतले मोठे साहेब, बायको आणि सासूबाई. साहेब गिरणीवाल्याच्याच घरी उतरले. सकाळी उठून त्यांनी फोन चार्जिंगला लावला, तर होईना. पंखा फिरेना. सासूबाईंना औषधाची वाफ घ्यायचं यंत्र चालवायचं होतं, ते चालेना. त्या जावयाकडे अशा काही बघत होत्या की गिरणीवाल्याच्या मनात साहेबांविषयी एकदम माया दाटून आली.

"हे काय? सकाळी वीज नाही?" साहेब म्हणाले.

"नाही," गिरणीवाल्याची बायको म्हणाली.

"का नाही?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग अदबीने पदर सारखा केला. "ती आमच्याकडची परंपरा आहे, साहेब. पूर्वीपासनं आहे."

साहेबांच्या सासूबाई काहीतरी पुटपुटल्या. साहेबांचे कान लाल झाले. ते अंगणाच्या कडेला, जिथे फोनला रेंज मिळते तिथे जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ बोलत होते.

वस्तीला सकाळची वीज मिळाली. कागदोपत्री ती 'पर्यटन विकासासाठी' मिळाली, असं अध्यक्षाने वाचून दाखवलं. आता पहाट झाली की बायका डबे घेऊन हजर. मात्र सकाळी प्रत्येकीलाच घाई, त्यामुळे पहिला नंबर कोणाचा यावरून पहिल्याच दिवशी दोघींची जुंपली. काकूचा पाय अजून पुरता बरा नव्हता, म्हणून तिचा डबा आधी घ्यावा असं एकीचं म्हणणं, आणि पाय दुखतो तर ही सगळ्यांच्या आधी कशी पोचली असं दुसरीचं.

बाकावर एक पाहुणी बसली होती. तिने गिरणीवाल्याला हळूच विचारलं, "या का भांडतायत?"

गिरणीवाल्याने पट्ट्यावर हात ठेवून ताण बघितला. "दळणावरून," तो म्हणाला, आणि काकूचा डबा हापरमध्ये ओतला.